कोरडी भिंत

आमच्या सोसायटीच्या मागे कंपाऊंडची भिंत आहे आणि तिच्या पलीकडे लगेच डोंगर सुरू होतो. मुलुंडला डोंगर असाच, न विचारता शेजारी राहायला आलेला असतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळचा चहा झाला की लुंगीवर शर्ट चढवून खाली उतरतात आणि त्या भिंतीला भेटून येतात. भेटून येतात असंच म्हणायला हवं. भिंतीच्या पायाशी ओळीनं पाइपांची तोंडं आहेत, डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ठेवलेली. अण्णा प्रत्येक तोंडात बोट घालतात, अडकलेली पानं आणि माती उकरून काढतात, बोट लुंगीला पुसतात आणि पुढच्या तोंडाकडे वळतात. नवीन वॉचमननं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मॅडम, अंकल ठीक है ना?" मी म्हटलं, "अंकल मिस्त्री थे." त्याचं तेवढ्यानं समाधान झालं.

जुलैत झड लागली की हा डोंगर दिवसचे दिवस दिसेनासा होतो. सकाळी कपडे वाळत घालायला गॅलरीत जावं तर समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून कधी एखादं झाड थोडं पुढे येतं, कधी माकड ओरडतं आणि मग पुन्हा काही नाही. अशा दिवसांत मी इथे मुलुंडला फारशी नसते. दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसून पेशंटांची नावं लिहून घेते, घरी येऊन पोळ्या लाटते, मुलीचा अभ्यास घेते. पण माझं मन विक्रोळीच्या टेकडीवर, बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका जुलैत जाऊन बसलेलं असतं. नवरा म्हणतो, "आली हिची झड." तो चेष्टेनं म्हणतो आणि मी हसते. त्या जुलैबद्दल त्याला जेवढं माहीत आहे तेवढं तर वस्तीतल्या कोणालाही माहीत आहे.

विक्रोळीला आमचं घर टेकडीच्या अगदी वरच्या रांगेत होतं. खाली रस्त्यावर रिक्षा सोडायची आणि मग पायऱ्या. पहिल्या चाळीस पायऱ्या सरकारी, एकसारख्या. त्यानंतरच्या आपापल्या, ज्यानं त्यानं आपल्या दारापुढे जमेल तशा बांधलेल्या. एक गुडघ्याएवढी, तर दुसरी वीतभर. पाहुणे धापा टाकत यायचे आणि आम्ही बोलत बोलत चढायचो. गल्लीत निम्मी घरं आमच्यासारखी कोकणातली, आजोबा गिरणीत आणि बाप कुठे कुठे. निम्मी साताऱ्या-सोलापूरकडची बौद्ध मंडळी. त्यातली बरीचशी घरं अण्णांनीच उभी केलेली. कोणाच्या भिंतीला कुठे पोट आलंय, कोणाचा पत्रा कुठे गळतो, हे त्यांना तोंडपाठ असायचं.

रांगेतली शेवटची दोन घरं म्हणजे आमचं आणि कांबळेकाकींचं. दोन्हींच्या मागे दोन हात जागा आणि मग ती भिंत. दगडी, दोन पुरुष उंच, डोंगर थोपवून धरायला कोणे एके काळी सरकारनं बांधलेली. त्या दोन हात जागेत आमचं सगळं होतं: मोरी, पाण्याची पिंपं, आईची तुळस, काकींचा कढीपत्ता, कपड्यांच्या दोऱ्या. काकींचे मिस्टर लवकर गेले. दोन मुलगे आणि त्या. अण्णांनी त्यांना मागच्या बाजूला छोटंसं स्वयंपाकघर काढून दिलं होतं, गल्लीतला पहिला उभ्याचा ओटा. तेव्हापासून काकी दर भाऊबीजेला अण्णांना ओवाळायच्या. अण्णा त्यांना वहिनी म्हणायचे आणि ओवाळून घ्यायला बसायचे. ह्यात काही चुकतंय असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

दर जून महिन्यात पालिकेचा माणूस यायचा आणि दारोदार नोटीस चिकटवून जायचा. दरड कोसळण्याचा धोका, रहिवाशांनी तात्पुरतं शाळेत स्थलांतर करावं, न केल्यास जबाबदारी आपली. कागद जाड असायचा. आई तो अलगद सोडवून फळीवर डब्यांखाली घालायची. "वर्षानुवर्षं नोटीस येते, डोंगर काय येत नाही," असं आमच्याकडे म्हटलं जायचं आणि म्हणताना सगळे हसायचे. भीती वाटत नव्हती असं नाही. पण शाळेत जाऊन राहायचं म्हणजे भांडी, गाद्या, टीव्ही, देव, म्हातारी माणसं सगळं घेऊन त्या पायऱ्या उतरायच्या. आणि पाठीमागे रिकाम्या घराला कोणी दुसरंच कुलूप लावलं तर?

म्हणून गल्लीनं आपली वेगळी व्यवस्था केली होती. तिला आम्ही भिंतीची पाळी म्हणायचो. पाऊस जोर धरू लागला की घराघरातली एकेक बाई पाळीनं मागे जायची, आमच्या आणि काकींच्या मागे भिंतीतून जे पाइप बाहेर डोकावायचे त्यांच्याखाली बशी धरायची आणि त्यातलं पाणी उजेडात बघायची. बशी काकींची. तिचा कप कधीच फुटून गेला होता, बशी मात्र पांढरीशुभ्र. पाणी स्वच्छ असलं तर निवांत राहायचं. तांदूळ धुतल्यासारखं दिसलं तर कागदपत्रांची पिशवी दारापाशी आणून ठेवायची. चहासारखं दिसलं तर चपला घालायच्या. चहा म्हणजे भिंतीमागची माती सुटली. हे कोणा इंजिनीअरनं शिकवलेलं नव्हतं, काकींनी बघून बघून बसवलेलं होतं. दोनदा पाणी चहा झालं होतं, दोनदा आम्ही सगळे खाली उतरून विहारात बसलो होतो आणि दोन्ही वेळा पाणी निवळल्यावर वर गेलो होतो. त्यामुळे नोटिशीपेक्षा बशीवर आमचा विश्वास फार.

आता माझं सांगते.

त्या वर्षी मे महिन्यात मुलुंडची माणसं मला बघायला येणार होती. मुलगा कंपनीत, स्वतःचा फ्लॅट, सासू शिक्षिका. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मला मुलगा आवडला होता. आम्ही एका ओळखीच्या लग्नात भेटलो होतो आणि नंतर बऱ्यापैकी भेटत राहिलो होतो, तेही आता सांगायला हरकत नाही. घर लहान आहे ह्याची मला लाज वाटत नव्हती. मला त्या भिंतीची लाज वाटायची. वरच्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी मुरून मुरून तिच्या पाइपांतून बाराही महिने ठिबकायचं. प्रत्येक पाइपाखाली काळपट-तपकिरी दाढी आलेली होती. वास यायचा. कधी कधी पाइपातून घूस तोंड काढायची. आणि मेच्या उकाड्यात मागचं दार बंद ठेवता येणार नव्हतं; ते उघडलं की पाहुण्यांच्या बरोबर समोर ती भिंत.

मी अण्णांच्या मागे लागले. "भिंत घासून रंग द्या. आणि ती भोकं बुजवून टाका ना, अण्णा. किती घाण दिसतं ते."

"पाण्याक वाट होयी गो," अण्णा म्हणाले. रागानं वगैरे नाही, साखर संपली आहे असं सांगावं तसं.

"आत्ता कुठला पाऊस? पावसाच्या आधी उघडा परत. तुम्हाला काय, अर्ध्या तासाचं काम."

ते दोन दिवस नाही म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी मी जेवले नाही. लेकीच्या रुसव्यापुढे अण्णांचं कधी चाललेलं मला आठवत नाही. रविवारी आई बाजारात आणि काकी गावाला लग्नाला गेलेल्या असताना त्यांनी पाइपांत गोणपाटाचे बोळे आत ढकलले आणि वीतभर खोल सिमेंट भरलं, आमच्या मागचे आणि काकींच्याही मागचे सगळे. कामात ते फार नीट होते. बाहेरून बघावं तर पाइपाचं तोंड तसंच काळोखं. मग आम्ही दोघांनी दाढ्या घासून काढल्या आणि भिंतीला आकाशी रंग दिला. दुपारभर मी अण्णांच्या शेजारी ब्रश घेऊन उभी होते, माझ्या कोपरापर्यंत आकाशी ओघळ आले होते आणि अण्णा कोकणातल्या कुठल्याशा भुताची गोष्ट सांगत होते. मी फार सुखात होते. हेही खरं आहे.

काकी गावाहून आल्या, मागचं दार उघडलं आणि ओरडल्या, "अगं बया! ह्ये काय, आभाळ आणून लावलं का दारात?" ठिबकणं थांबलं ह्याचं कोणाला नवल वाटलं नाही. त्याच महिन्यात वरच्या आळीत नवीन गटार घातलं होतं, सगळ्यांना वाटलं त्याचाच गुण. मुलुंडची माणसं आली, मागच्या दाराकडे तोंड करून बसली, सासूबाई म्हणाल्या, "घर किती नीटनेटकं ठेवलंय." लग्न ठरलं. थंडीत तारीख धरू म्हणाले.

अण्णांना लगेच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मढला काम लागलं. तिथला एक बंगला शूटिंगला भाड्यानं द्यायचा म्हणून मालक तो नव्यानं प्लास्टर करून घेत होता. अण्णा तिथेच राहायचे आणि आठवड्यानं कपडे घ्यायला घरी यायचे. तिथल्या गमती सांगायचे. शूटिंगवाले खऱ्या भिंतीपुढे प्लायवूडची खोटी भिंत उभी करतात आणि संध्याकाळी हातानं उचलून बाजूला ठेवतात, ह्याचं त्यांना हसू येत असे. त्या जूनमध्ये पाऊस ओढला होता. दर खेपेला अण्णा मागे जाऊन भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "पुढच्या रविवारी उघडूया." मग एका सोमवारी झड लागली ती लागलीच, आणि ते मढला अडकले.

चार दिवस. त्या चार दिवसांची आठवण मला अजून झोपेतून उठल्यासारखी येते, अर्धी धूसर. ढग खाली उतरून गल्लीत फिरत होता. समोरच्या घरातली बाई दिसायची नाही, नुसता तिच्या स्टोव्हचा आवाज यायचा. पायऱ्यांवरून पाणी उड्या मारत चाललेलं, पत्र्यांवर एकसुरी पाऊस, गोधड्या दमट, काड्यापेटी पेटेना. आणि दर तासाला कोणीतरी बशी घेऊन मागे जायचं आणि बशी कोरडी घेऊन परत यायचं.

"कोरडी!" काकी गल्लीभर सांगायच्या. "भिंत कोरडी हाय बघा यंदा. थेंब न्हाई." एवढ्या पावसात थेंब नाही, म्हणजे भिंत किती भक्कम. आकाशी रंग लागला शुभ लागला, असं कोणीतरी म्हणालं. इतकी वर्षं पाण्याचा रंग वाचायला शिकलेल्या आम्हा बायकांना पाणीच न येणं वाचता येत नव्हतं. खालून पालिकेची गाडी भोंग्यावर ओरडून गेली, शाळा उघडी आहे, खाली या. कोणी हललं नाही. बशी कोरडी होती ना. चौथ्या दिवशी सकाळी काकींनी सगळ्यांसाठी कांदाभजी काढली.

मला तेव्हा भोकं आठवली नाहीत, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आठवली होती. दुसऱ्याच दिवशी, मी स्वतः बशी धरून उभी असताना आठवली. बोळे मीच अण्णांच्या हातात दिले होते. मी ताठ उभी राहून विचार केला की अण्णा येतीलच उद्या, ते बघतील. आणि आत्ता सांगितलं तर काय काय होईल. काकी काय म्हणतील. मुलुंडला कळलं तर. मग मी आत आले आणि म्हटलं, "कोरडी."

अण्णा चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला पायऱ्या चढून आले, नखशिखांत भिजलेले. पिशवीही खाली न ठेवता त्यांनी आईला विचारलं, "पाणी कसा हा?"

"यंदा थेंब नाही," आई कौतुकानं म्हणाली.

ते मागे गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी आकाशी भिंतीवर पंजा टेकवला, मग कान टेकवला. मग थेट गल्लीत आले. काकींच्या दारात पाच-सहा बायका भजी खात होत्या. अण्णा पावसातच उभे राहिले.

"वहिनी, भजी ठेवा. सगळ्यांनी खाली चला. आत्ता."

"अवो, बशी कोरडी हाय—"

"कोरडी आहे कारण भोकं बंद आहेत. मी बुजवली. मे महिन्यात, माझ्या हातानं. सगळं पाणी आत तुंबलंय."

कोणालातरी ती मस्करी वाटली. "काय अण्णा, तुम्ही काय असं करणार? तुम्ही मिस्त्री ना!"

"मिस्त्री आहे म्हणून सांगतोय. ती भिंत आता भिंत नाही."

काकी उठून उभ्या राहिल्या. "कशापायी बुजवली, अण्णा?"

मी चार हातांवर होते. माझ्या हातात भज्यांची ताटली होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"घाण दिसत होती, म्हणून," ते म्हणाले.

नोटिशीनं जे कधी झालं नव्हतं, भोंग्यानं झालं नव्हतं, ते ह्या दोन वाक्यांनी झालं. अण्णांनी बांधलेल्या घरांत राहणारी माणसं होती ती. अण्णा भिंत चांगली आहे म्हणाले असते तर चांगली, अण्णा वाईट म्हणाले तर वाईट. तासाभरात वरच्या तिन्ही रांगा रिकाम्या झाल्या. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उतरवलं. काकींनी बुद्धाची मूर्ती पदरात घेतली होती आणि दुसऱ्या हातात गॅसचा रेग्युलेटर. आई तुळस न्यायला मागे जाऊ बघत होती, अण्णांनी तिला दंड धरून ओढलं. ते स्वतः पहार घेऊन भोकं उघडायला निघाले होते, तर खालून आलेल्या अग्निशमनच्या माणसांनी त्यांना अक्षरशः उचलून खाली आणलं. भिंतीच्या तोंडाशी आता कोणी उभं राहायचं नाही, म्हणाले.

शाळेत आम्हाला इयत्ता तिसरी ब मिळाली.

खरं सांगायचं तर त्या दिवसांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत, आणि हे सांगताना माझा मलाच राग येतो. पावसानं शाळा बंद होती, वर्ग आमचे होते. बाक भिंतीला लावून मधे सतरंज्या. भिंतीवर फळांचे तक्ते. आंबा, फणस, सीताफळ, आणि ज्यांची नावं शहरातल्या पोरांनी फक्त तक्त्यावरच वाचावीत अशी दोन-तीन. पाणी भरताना बायका एकमेकींना विचारायच्या, "तुम्ही कितवीत?" "आम्ही पहिलीत. तुम्ही?" "आम्ही नापास, अजून बालवाडीत." खिचडी बाहेरून यायची. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या बायकांना दुपारी दोन वाजता काही काम नव्हतं. आई बुटक्या बाकावर पाय टाकून सतरंजीवर आडवी व्हायची आणि छताकडे बघत राहायची. एकदा ती उठली, फळ्यापाशी गेली, खडू घेतला आणि फळाभर रांगोळी काढली, ठिपक्या-ठिपक्यांची. दुसरीपर्यंत शिकलेली माझी आई फळ्यापुढे खडू हातात घेऊन उभी आहे आणि तिच्या पाठीमागे खिडकीत नुसता पाऊस आहे, हे चित्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. खडूचा, ओल्या गोधड्यांचा आणि खिचडीतल्या जिऱ्याचा मिळून जो वास होता तो अजूनही कधी दवाखान्यात भर दुपारी येतो आणि मी पेशंटचं नाव चुकीचं लिहिते.

अण्णा वर्गात येत नसत. ते व्हरांड्यात टेकडीकडे तोंड करून बसलेले असायचे. टेकडी दिसत नव्हतीच, ढगच होता. मी चहा नेऊन दिला की घ्यायचे. मी काही बोलावं अशी अपेक्षा त्यांच्या तोंडावर कधीही नसायची, म्हणून मी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज आला. मोठा धडाका नव्हे. पोत्यातून तांदूळ ओतावेत तसा, पण बराच वेळ चाललेला आणि मग थांबलेला. वर्गात काकी आईच्या केसांना तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला. बाहेर अण्णा उभे राहिले होते.

भिंत मधोमध गेली होती. आमची मोरी आणि काकींचं स्वयंपाकघर अख्खं, ओट्यासकट, मातीखाली. मनुष्यहानी नाही, असं दुसऱ्या दिवशी पेपरात एका ओळीत आलं. माणसं होती कुठे हानी व्हायला? आम्ही तिसरी ब मध्ये होतो.

त्या संध्याकाळी काकी व्हरांड्यात गेल्या. आम्ही सगळे दारातून बघत होतो. त्या अण्णांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घर पाडलं ते बी तुम्हीच, आन् जीव वाचवला तो बी तुम्हीच. आता मी तुमच्याशी काय बोलू, सांगा." काकी खरंच त्यानंतर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्या दिवाळीत भाऊबीज झाली नाही. गल्लीत कोणी अण्णांना काम दिलं नाही. वाईट वागले असं नव्हे, फक्त दुसऱ्या मिस्त्रीला बोलवायला लागले. ज्या माणसानं भिंत वाचून सगळ्यांना उतरवलं तो आणि ज्यानं पाण्याची वाट बंद केली तो, हे दोघं एकच असल्यावर लोकांना दुसरा लक्षात ठेवणं सोपं गेलं. अण्णा पुढे साइटवर दुसऱ्याच्या हाताखाली राबले आणि मग घरीच बसले. थंडीत माझं लग्न झालं. मी मुलुंडला आले.

वरच्या रांगांना नंतर पुनर्वसनाच्या इमारतीत खोल्या मिळाल्या. काकी आता सातव्या मजल्यावर राहतात. आई गेली, अण्णा माझ्याकडे आले. काकींचा मला दर सणाला फोन येतो. माझ्या मुलीसाठी त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी पाठवली. "पोरी, तुझ्या आईच्या जागी हाय मी," म्हणतात. फोन ठेवताना विचारतात, "घरात सगळे बरे ना?" त्या 'सगळे'त अण्णा असतात, पण त्यांचं नाव नसतं. अण्णा तिथेच बसलेले असतात, टीव्हीचा आवाज बारीक करून. काय बोलणं झालं ते विचारत नाहीत. एवढी वर्षं मी काकींची माया घेतली आणि त्यांचा अबोला अण्णांना घेऊ दिला, आणि ह्यातलं काहीच करताना मला हात हलवावा लागला नाही.

यंदाच्या झडीत, एका रविवारी दुपारी, अण्णा फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत बसले होते. मुलगी झोपली होती, नवरा बाहेर. खिडकीत डोंगर नव्हता. मी समोर बसले आणि म्हटलं, "अण्णा, ती भोकं बुजवायला मी सांगितलं होतं."

"कसली भोकां?"

"विक्रोळीची. तुम्ही नाही म्हणत होता. मी जेवले नव्हते."

ते आठळी सोलत राहिले. "नाय गो. तू तेव्हा कॉलेजात होतंस."

"कॉलेजात होते म्हणूनच ना! आणि बशी कोरडी का, ते मला दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं, अण्णा. मी कोणाला सांगितलं नाही."

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा हात थांबला. अर्धी सोललेली आठळी त्यांनी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावतील. इतकी वर्षं मला तेच हवं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

"बरां, सांगलंस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक काय, सांगताच. नाय म्हणूचा ता मिस्त्र्याचा काम. थापी कोणाच्या हातात होती?" मग आठळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवून, आवाज खाली आणून, "वहिनीक सांगू नको हां. तिचो तुझ्यार जीव आसा."

मी उठून बेडरूममध्ये गेले, दार लावलं आणि काकींना फोन लावला. सण नव्हता, म्हणून त्या घाबरल्या. "काय झालं गं पोरी? समदं ठीक ना?" मी सगळं सांगितलं. मुलुंडची माणसं, रुसवा, गोणपाटाचे बोळे, कोरडी बशी हातात घेऊन मी आत आले आणि काय म्हटलं, सगळं. मधे मधे मला वाटलं फोन कट झाला. मी "काकी?" म्हणायचे आणि त्या "बोल" म्हणायच्या.

माझं सांगून संपलं.

"बारा वर्सं," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं मी त्या मानसाशी बोलले न्हाई गं." मग आवाज एकदम कोरडा झाला. "अण्णा हाईत का घरात? फोन दे त्यांना. तुझ्याशी मी नंतर बोलते."

मी बाहेर जाऊन फोन अण्णांपुढे धरला. त्यांनी नाव बघितलं, हात लुंगीला पुसले आणि दोन्ही हातांनी फोन घेतला. "वहिनी," एवढंच म्हणाले आणि नंतर कितीतरी वेळ फक्त ऐकत राहिले.

आता काकींचा फोन रोज दुपारी येतो. सण लागत नाही. माझ्याच मोबाइलवर येतो. मी उचलला की त्या म्हणतात, "अण्णांना दे." मी देते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. बाहेर अण्णा मोठ्यानं हसत असतात, कसल्या तरी जुन्या पत्र्याबद्दल, कोणाच्या तरी गळतीबद्दल. त्यांचं बोलणं संपलं की फोन परत माझ्या हातात येतो, तेव्हा तो बंद झालेला असतो. काकींचं ते 'नंतर' अजून आलेलं नाही.